वाकेल, उघडणार नाही

माशांचे गळ विकणाऱ्या दुकानात शिरताना इंदूमावशी पर्समधून पक्कड बाहेर काढायच्या. बाकीच्या बायका पर्समधून कंगवा काढतात तितक्या सहज. दुकानाचा मालक अर्ल काउंटरमागून हताशपणे बघत राहायचा. मावशी पाकिटातून एक गळ उचलून त्याचं टोक डाव्या अंगठ्याच्या नखावरून ओढायच्या. टोक नखात रुतलं तर ठीक, नुसतं घसरलं तर तो गळ बाजूला. मग काउंटरच्या लाकडी कडेत गळ रोवायचा, दांडीला पक्कड लावायची आणि आपल्या पाच फुटी, काडीसारख्या देहाचा सगळा भार मागे टाकून ओढायचं. गळ उघडून सरळ झाला की तो अर्लच्या पुढ्यात ठेवून म्हणायच्या, "दिस इज अ सेफ्टी पिन. आय आस्क्ड फॉर अ हुक."

"लेडी, यू ब्रेक इट, यू बाय इट," अर्ल म्हणायचा.

"आय डिड नॉट ब्रेक इट. इट गेव्ह अप."

आणि माझ्याकडे वळून मराठीत, "जो वाकतच नाही तो एक दिवस काडकन मोडतो. जो वाकून तसाच राहतो तो सासरी मुकाट नांदणाऱ्या बाईसारखा, माशाला सोपा. थोडा वाकून परत जागेवर येतो, तो आपला." मी नागपूरची, सात पिढ्या वरणभातावर वाढलेली. मासा मी तोवर फक्त मत्स्यावताराच्या चित्रात पाहिला होता. तरी त्या दुकानात मी मावशींबरोबर इतके तास काढले आहेत की आजही कुठलाही गळ हातात आला की माझा अंगठा आपोआप पुढे होतो.

आमची पहिली भेट इस्पितळातली. सिएटलच्या उत्तरेला एव्हरेट नावाचं गाव आहे. तिथल्या विमानं बांधणाऱ्या कारखान्यात माझ्या नवऱ्याला, अनिलला, नोकरी लागली आणि लग्नानंतर महिन्याभरात मीही तिथे जाऊन पोचले. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. कसल्याशा तपासणीसाठी रक्त द्यायला गेले, तर पांढऱ्या कोटातली एक चणीने लहान बाई माझा दंड बांधता बांधता मंगळसूत्राकडे बघत म्हणाली, "शिरा छान आहेत. कुठची गो तू?" परक्या देशात रक्त काढताना कुणी मराठीत बोललं तर काय होतं ते सांगता येत नाही. मला रडूच आलं. त्यांना वाटलं सुई दुखली. "माझी सुई दुखत नाही," त्या जरा रागानेच म्हणाल्या. "रडायचं असेल तर दुसऱ्या कारणासाठी रड." त्याच रविवारी त्यांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलं.

घर खाडीवर होतं. घर लहान, पण मागच्या ओट्यावरून पाणी दिसायचं आणि पलीकडे व्हिडबी बेटाची काळी रेघ. मावशी मालवणच्या. त्यांचे यजमान, भाऊकाका, अनिलच्याच कारखान्यात तपासनीस होते. गोरे, गुबगुबीत, कशालाही 'बरं' म्हणणारे गृहस्थ. त्या दिवशी आमच्यासाठी वेगळं वरण, बटाट्याची भाजी, आणि त्यांच्यासाठी सामनचं कालवण होतं. सामन हा इकडचा मोठा मासा. समुद्रातून गोड्या पाण्याकडे चढतो, आणि त्यातला सगळ्यात दांडगा जो असतो त्याला इकडे किंग म्हणतात. कालवणातलं माशाचं डोकं मावशींनी अख्खं भाऊकाकांच्या ताटात वाढलं. "आमच्याकडे डोकं घरच्या कर्त्याला," भाऊकाका मला समजावून सांगत होते, "त्यात खरी चव. गालफडातलं मांस म्हणजे लोणी." मावशींच्या ताटात शेपटीकडचा काटेरी तुकडा होता. त्यांचा मुलगा श्रीकांत, घरातला श्री, तेव्हा कॉलेजच्या सुट्टीत घरी आला होता. तो म्हणाला, "आई लाइक्स द टेल." मावशींनी काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला.

त्या नवराबायकोची एक लहान ॲल्युमिनियमची बोट होती. उन्हाळ्यातल्या सुट्टीच्या दिवशी उजाडायला दोघं पाण्यावर. भाऊकाका इंजिन सांभाळायचे आणि मावशी आमिष. आमिष म्हणजे हेरिंग, आपल्या तारलीची विलायती बहीण. तिचं डोकं तिरकं कापायचं आणि एका दोरीवर मागेपुढे बांधलेले दोन गळ तिच्यात अशा बेताने ओवायचे की पाण्यात ओढली की ती जखमी माशासारखी गिरक्या घेत जावी. गिरकी बरोबर असेल तरच किंग फसतो. मावशींचा हात रक्त काढणाऱ्या बाईचा. एकदा टोचलं की पुन्हा टोचायचं नाही. पण गळांची खरेदी भाऊकाकांकडे होती आणि तिथेच घोळ झाला.

पुढे एका वर्षी भाऊकाकांनी कुठल्याशा सेलमधून बारीक तारेच्या गळांचा डबा आणला. ऑगस्टमध्ये मावशींना किंग लागला. असा मासा मालवणच्या समुद्रातही पाहिला नव्हता, असं त्या सांगत. बोटीजवळ आला, पोट चमकलं, भाऊकाकांनी जाळं पाण्यात घातलं आणि दोर एकदम सैल पडला. वर आलेला गळ सरळ झाला होता. भाऊकाका हसले म्हणे. "गेला तर गेला. त्यालाही संसार असेल." मावशी त्यानंतर चार दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आणि त्याच हिवाळ्यात एका दुपारी भाऊकाका कारखान्यातून घरी आले, बूट काढायला खुर्चीवर बसले आणि उठलेच नाहीत.

मावशींनी तो सरळ झालेला गळ स्वयंपाकघराच्या खिडकीला टांगून ठेवला होता. भेटायला आलेल्या बायका त्याच्याकडे बघत, विचारायचं धाडस कुणी करत नसे. मला एकदा आपण होऊन म्हणाल्या, "माणूस चांगला होता. खरेदी वाईट." एवढं बोलून मागच्या ओट्यावर निघून गेल्या.

श्री तोवर न्यू जर्सीत एडिसनला नोकरीला लागला होता. भाऊकाकांचे दिवस झाल्यावर तो आईला म्हणाला, घर विकू, बोट विकू, माझ्याकडे चल. मावशी म्हणाल्या, "हो. उन्हाळ्यात विकू." त्या दिवसांत त्यांना कुणी चंद्रावर चल म्हटलं असतं तरी त्या हो म्हणाल्या असत्या. पण एप्रिलमध्ये त्यांनी बोटीवरची ताडपत्री काढली, इंजिनची दोरी स्वतः ओढून बघितली, आणि त्या संध्याकाळी माझ्याकडे येऊन बसल्या.

"शैला, मी हो म्हटलं तेव्हा मी शुद्धीवर नव्हते."

"मग आता नाही म्हणून सांगा."

"असं कसं? म्हटलं तर होतं. शब्द दिला तो दिला." त्यांनी चहाचा कप बशीत फिरवला. "सुटला पाहिजे, पण सोडवायचा कसा ते कळत नाही. मोडायचा नाही मला."

मुलाचं चूक होतं असं मी म्हणणार नाही. ते पाणी उन्हाळ्यातही असं गार की माणूस बोटीतून पडला तर काठ गाठण्याआधी हातपाय गारठून जातात. संध्याकाळी त्याने फोन करावा आणि आईने उचलू नये. मग तो माझ्याकडे फोन करायचा. "शैला, इज शी आउट देअर अगेन? अलोन?" त्याच्या आवाजात राग असायचा, पण तो रागाखाली काय लपवतोय ते मला ऐकू यायचं. मग मी मावशींबरोबर बोटीत जायला लागले. मला पोहता येत नाही, बोट लागते, आणि हेरिंगच्या वासाने मी अर्धमेली व्हायचे. मी बुडण्याच्या बाबतीत काही उपयोगाची नव्हते, फक्त ओरडायला माणूस म्हणून होते.

त्या उन्हाळ्यात मावशींनी गळाच्या बाबतीत सूड उगवला. अर्लच्या दुकानातले सगळ्यात जाड तारेचे गळ त्यांनी आणले. घोडा बांधता आला असता असे. अर्ल म्हणाला, हे सामनसाठी नव्हेत, जड पडतील. मावशी म्हणाल्या, "माझ्या घरातला एक गळ सरळ झालाय. दुसरा होणार नाही." पालथ्या घड्यावर पाणी. जून गेला, अर्धा जुलै गेला. आजूबाजूच्या बोटींतले लोक मासे वर घेत होते आणि आमच्या गळाच्या काठीचं टोक नुसतं लाटेबरोबर डुलत होतं. मी एकदा भीत भीत म्हटलं, "मावशी, अर्ल म्हणत होता तसं तर नसेल?" त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी उरलेली सकाळ बेटाकडे तोंड करून बसले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात. इथे तर सुंभ अजून पेटलाही नव्हता.

मग एका शनिवारी त्यांचा फोन आला. "ये. टब भरलाय."

न्हाणीघरातला टब काठोकाठ गार पाण्याने भरला होता. मावशी पदर खोचून गुडघ्यांवर बसल्या होत्या आणि हातातल्या दोरीने एक कापलेली हेरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढत होत्या. जाड गळ ओवलेली हेरिंग तळाशी फरफटत जात होती, लाकडाच्या ढलपीसारखी. मग त्यांनी भाऊकाकांच्या डब्यातला बारीक गळ ओवला. हेरिंग अशी गिरकी घेऊ लागली की मला क्षणभर ती जिवंत वाटली. मावशी मागे टेकून बसल्या. "बघ. त्यांच्या गळाला मासा लागत होता. राहत नव्हता. माझ्या गळावर राहिला असता, पण लागतच नाही." मग हेरिंग पाण्याबाहेर काढत, "ह्यांचं अगदीच चुकलं नव्हतं." भाऊकाकांबद्दल इतकी मवाळ भाषा मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकली. त्यानंतर आठवडाभर त्या घरात अंघोळ करणाऱ्याला हेरिंगचा वास येत होता.

सोमवारी त्या पुन्हा अर्लकडे. पक्कड काढून त्यांनी एकेक पाकीट फोडायला सुरुवात केली, तेव्हा अर्लने खालच्या खणातून वेगळा डबा काढला. हे गळ बारीक होते, पण तार दोन्ही अंगांनी ठोकून चपटी केलेली होती. मावशींनी नखावर घासला, रुतला. काउंटरमध्ये रोवून ओढला, थोडा वाकला आणि सोडल्यावर जागेवर आला. त्या सुमारास आमच्या खाडीत गळाचा उलटा काटा दाबून टाकावा लागे, माशाला सोडायचं झालं तर इजा होऊ नये म्हणून. तो त्यांनी पकडीने दाबला. टोक मोडलं नाही. त्यांनी गळ उजेडात धरून पुन्हा पुन्हा फिरवून बघितला.

"आय टोल्ड यू इन जून," अर्ल म्हणाला.

"तू सांगितलंस म्हणून घेत नाहीये," मावशींनी त्याला इंग्रजीत सुनावलं, "टबात बघितलं म्हणून घेतेय." आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "जाड म्हणजे मजबूत असं कुणी सांगितलं आपल्याला? माझ्याकडे बघितलं असतं तरी कळलं असतं."

इतक्यात श्रावण लागला. सिएटलच्या मराठी मंडळाच्या जेवणात कुणीतरी विषय काढला. एक काकू म्हणाल्या, "इंदूताई, श्रावणात तरी मासेमारी नको हो. वर्षही पुरं झालं नाही अजून." सगळी पंगत ऐकत होती. मावशींनी घास संपवला. "किंग ऑगस्टातच येतो. त्याला पंचांग पाठवा, मी ऐकेन," त्या म्हणाल्या. "आणि आमच्या मालवणात नारळी पौर्णिमेला समुद्र उघडतो. मी नारळ देऊन जाईन, चोरून जाणार नाही." काकूंनी पुढचं वाक्य मठ्ठ्याबरोबर गिळलं. परत येताना गाडीत मावशी म्हणाल्या, "वर्ष पुरं व्हायच्या आत ह्यांच्या हातून सुटलेला मासा मला बोटीत हवाय. हे त्या बाईला सांगून कळलं नसतं."

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी श्री आला. आई कामावर असताना त्याने घरांच्या दलालाला बोलावलं आणि मावशी इस्पितळातून परतल्या तेव्हा अंगणात 'विकणे आहे'ची पाटी उभी होती. पांढऱ्या रंगाचा, मनगटाएवढा लाकडी खांब जमिनीत ठोकलेला. मी त्यांना गाडीतून सोडायला गेले होते. पांढऱ्या कोटातच त्या पाटीसमोर उभ्या राहिल्या, खांब हलवून बघितला आणि घरात गेल्या.

"आई, बी रीझनेबल," श्रीने आधीच सुरुवात केली. "यू सेड यस."

"म्हटलं. म्हणून पाटी अजून उभी आहे."

"इट्स नॉट द हाउस, आई. इट्स द बोट. यू फॉल इन, नोबडी इव्हन नोज."

"उद्या माझ्याबरोबर चल," मावशी म्हणाल्या. "बोट मी नेणार, गळ मी बांधणार, मासा मी बोटीत घेणार. तू हात मांडीवर ठेवून बसायचंस. मासा बोटीत आला तर माझा शब्द मला परत दे. नाही आला तर मी सोमवारी बॅग भरते, आणि पुन्हा ह्या घराचं नाव काढणार नाही."

"दॅट्स नॉट हाउ दिस वर्क्स."

"घर कसं विकतात ते तुला ठाऊक. माझा शब्द कसा सुटतो ते मला ठरवू दे."

श्रीने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. एका सकाळीत किंग मिळणं किती कठीण ते त्याला लहानपणापासून माहीत होतं. मला वाटतं म्हणूनच तो हो म्हणाला. "ओके. वन मॉर्निंग. शैला, यू आर द अंपायर." मी म्हणाले की मला माशातलं काही कळत नाही. मावशी म्हणाल्या, "म्हणूनच."

उजाडताना आम्ही तिघं बेटाच्या दक्षिण टोकाशी होतो. ओहोटी थांबून भरती लागायच्या बेतात होती. मावशींना हे घड्याळ न बघता कळायचं, पाण्याच्या रंगावरून. त्यांनी हळदकुंकू लावलेला नारळ दोन्ही हातांनी पाण्यात सोडला, हात जोडले आणि पुटपुटल्या. नारळ डुलत डुलत निघाला. थोड्या वेळाने दुसऱ्या बोटीतला एक दाढीवाला माणूस इंजिन घुर्र करत आमच्याजवळ आला. त्याच्या जाळ्यात नारळ होता. "मॅम, आय थिंक यू लॉस्ट दिस." श्रीने कपाळावर हात मारला. मावशींनी नारळ घेतला, थँक यू म्हटलं आणि पायाशी ठेवला. "समुद्राने परत दिला तर तो प्रसाद. त्याला नाही म्हणायचं नसतं."

मग वाट. ऊन आलं, भरती लागली. श्री हात मांडीवर ठेवून बसला होता, आणि घड्याळ हातातच असल्यामुळे ते त्याला दिसत होतं. परत फिरायचं असं त्याने तोंडाने म्हणायच्या आत काठीचं टोक एकदा झुकलं, सरळ झालं आणि पुन्हा झुकलं.

"सेट इट. आई, सेट इट," श्री अर्धा उठला.

"गप रव," मावशी म्हणाल्या. रागावल्या की मालवणी यायचं. "हात."

श्री खाली बसला. मावशींनी हळूहळू दोर गुंडाळत माशाचं वजन हाताला लागू दिलं आणि मग काठी वर घेतली. काठी कमानीसारखी वाकली आणि चाकावरचा दोर किंचाळत पळायला लागला. पुढचा काळ किती होता ते मला सांगता येणार नाही. मावशींचा पदर सुटला होता, आणि त्या माशाशी मालवणीत बोलत होत्या. त्यातलं बरंचसं छापण्याजोगं नाही. श्रीचे हात दोनदा मांडीवरून उठले आणि दोनदा त्यांनी न बघता म्हटलं, "हात." मासा बोटीच्या टप्प्यात आला. हिरवट पाठ, रुपेरी कूस. मी आयुष्यात पहिल्यांदा एका माशासाठी देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात त्याच्यामागून पाण्यातून एक गुळगुळीत करडं डोकं वर आलं. सील. काळ्याभोर डोळ्यांनी त्याने आमच्याकडे बघितलं आणि खाली गेलं. काठी एकदम अशी ओढली गेली की मावशी बोटीच्या कडेवर आपटल्या. श्रीने मागून त्यांच्या रेनकोटाचा पट्टा धरला. त्यांनी हात झटकला नाही, फक्त म्हणाल्या, "मला धर. काठीला नको." काठी ताणली, आणखी ताणली. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्या काठीकडे बघतच नव्हत्या. पाण्याखाली कुठेतरी असलेल्या त्या गळाकडे बघत होत्या. मग वजन हललं आणि दोर हलका झाला.

त्यांनी शांतपणे दोर गुंडाळून घेतला. दोराच्या शेवटी किंगचं डोकं होतं. फक्त डोकं, कल्ल्यांमागे साफ कापलेलं, माझ्या दोन ओंजळींत मावणार नाही एवढं. सील बाकीचा मासा घेऊन गेलं होतं.

श्री पुढे सरकला आणि खरोखर मायेने म्हणाला, "आय ॲम सो सॉरी, आई. यू हॅड हिम."

मावशींनी डोकं मांडीवर घेतलं, जबड्यातला गळ फिरवून काढला आणि पाण्यात बुडवून धुतला. त्याला बाक जसा होता तसाच होता. त्यांनी नखावर घासून बघितला. "ह्यांना दाखवायला हवा होता," त्या म्हणाल्या आणि डोळे पुसले. लगेच नाक ओढून ताठ बसल्या. "बरं. मासा बोटीत आला."

"आई, दॅट्स अ हेड."

"डोकं कुणाचं? माझं?"

"कम ऑन. यू लॉस्ट द फिश. एनीबडी विल टेल यू."

"गोऱ्यांना विचारशील तर तेच सांगतील. ते डोकं फेकून देतात." मग माझ्याकडे वळून, "अंपायर?"

मी मोठ्या पेचात पडले. एका बाजूला मुलगा, एका बाजूला मावशी, मधे एक डोकं डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघतंय. नागपूरला असल्या प्रसंगाची तयारी करून घेत नाहीत. मी म्हणाले, "निकाल जेवण झाल्यावर."

दुपारी मावशींनी समुद्राने परत दिलेला नारळ फोडला. ओलं खोबरं, मिरची, धणे वाटले, मालवणहून कुणाकुणाच्या सामानातून आलेली कोकमं आणि तिरफळं टाकली. माझ्यासाठी नेहमीसारखं वेगळ्या पातेल्यात वरण. घरभर वास सुटला, आणि बाहेरच्या खोलीत दलालाशी फोनवर बोलणाऱ्या श्रीचं इंग्रजी हळूहळू अडखळायला लागलं. फोन ठेवून तो टेबलाशी येऊन बसला, भाऊकाकांच्या खुर्चीवर. मुद्दाम नसेल, तीच मोकळी होती.

मावशींनी भात वाढला. मग मोठ्या डावाने ते अख्खं डोकं पातेल्यातून उचललं. श्रीने सवयीने आपलं ताट पुढे केलं. घरात कर्ता म्हणून आता तोच होता, आणि ते डोकं कुणाच्या ताटात जातं ते तो लहानपणापासून बघत आला होता. मावशींनी डाव त्याच्या ताटावरून तसाच पुढे नेला आणि डोकं आपल्या ताटात ठेवलं. त्याच्या ताटात त्यांनी नुसतं कालवण घातलं, भरपूर.

"आई, यू लाइक द टेल," श्री म्हणाला. त्याच्या तोंडून ते आपोआप निघालं असावं.

"मला शेपूट आवडतं असं तुला कुणी सांगितलं?"

मावशींनी गालफडातलं मांस बोटाने सोडवलं आणि पहिला घास घेतला. डोळे मिटून, सावकाश. तीस वर्षं त्यांनी तो वाढला होता. श्री त्यांच्याकडे बघत राहिला, मग आपल्या ताटाकडे. कालवण कालवून तो जेवायला लागला. दुसऱ्यांदा भात घेतला, तिसऱ्यांदा घेतला. माझं वरण संपलं तरी मला निकाल कुणी विचारला नाही. शेवटी ताट चाटूनपुसून तो म्हणाला, "ओके, आई." मराठीत तो फारसा बोलत नसे, पण त्या दिवशी म्हणाला, "तुझा शब्द तुला परत." आणि मग, "बट यू वेअर द लाइफ जॅकेट. एव्हरी टाइम."

"घालीन," मावशी म्हणाल्या. "तेवढं रीझनेबल आहे."

दुसऱ्या दिवशी विमानाला निघायच्या आधी श्रीने स्वतः पाटी काढली. खांब उपटायला गेला तर मावशी दारातून म्हणाल्या, "तो राहू दे." पुढची काही वर्षं त्या खांबावर त्यांनी आपले गळ पारखले. अर्लचं काउंटर सुटलं, त्याने सुस्कारा टाकला असेल. खिडकीतला सरळ झालेला गळ त्यांनी काढला नाही, त्याच्या शेजारी न उघडलेला दुसरा टांगला. पाहुण्यांना सांगायच्या, "हा ह्यांचा, हा माझा." त्यांना आणखीही किंग मिळाले, अख्खे. पण डोकं दर वेळी त्यांच्याच ताटात. मंडळातल्या काकूही पुढे एकदा जेवायला आल्या होत्या, श्रावण संपल्यावर.

दशक सरता सरता मावशी आजारी पडल्या. इस्पितळात रक्त काढायला आलेल्या पोरीचा हात धरून त्यांनी आधी तिची सुई उजेडात बघितली, मग दंड पुढे केला. श्री एडिसनहून आला होता. तो तोंड उघडणार तेवढ्यात म्हणाल्या, "घरी ने. माझ्या." त्याने नेलं. खाडीकडच्या खोलीत, खिडकी उघडी ठेवून त्या गेल्या.

मग पाटी परत लागली, आणि ह्या वेळी लावायलाच हवी होती. नव्या पाटीचा खांब लोखंडी होता. शेजारीच तो जुना लाकडी खांब, पांढरा रंग उडालेला, छातीच्या उंचीपर्यंत टोचून टोचून खरबरीत झालेला. श्री त्याच्यावरून हात फिरवत उभा राहिला. एडिसनच्या अपार्टमेंटमध्ये नेणार कुठे? म्हणून तो मी आणला. माझ्या परसात त्याच्यावर घेवड्याचा वेल आहे. शाकाहारी माणसाच्या हाती पडला की दुसरं काय होणार.

श्री दर ऑगस्टमध्ये फोन करतो. इकडचं तिकडचं बोलतो, मुलांचं सांगतो, आणि ठेवायच्या आधी विचारतो, "शैला, इज इट स्टिल देअर?"

मी खिडकीतून बघते. वाऱ्यापावसाने जरा कलला आहे. "वाकलाय थोडा," मी सांगते. "उभा आहे."